नाव कोणी ठेवायचे? : युरोपातील तुर्क समाज

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठी भाषेने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानात कुर्र करते, ते नाव ठेवणे. आणि तेच मूल मोठे झाले, गावाच्या रीतीप्रमाणे वागेनासे झाले, की गाव त्याला जे करते ते नावे ठेवणे. पहिल्यात आपलेपणा असतो, दुसऱ्यात परकेपणा. श्रोतेहो, आजच्या विषयाला आम्ही या दोन शब्दप्रयोगांपासून आरंभ करीत आहोत, याचे कारण असे की युरोपात राहणाऱ्या तुर्क समाजाची गेल्या शंभर वर्षांची कहाणी बव्हंशी याच एका प्रश्नाभोवती फिरते. या लोकांचे नाव कोणी ठेवायचे? त्यांनी स्वतः, की ज्या राज्यात ते राहतात त्या राज्याने?

प्रथम हे लोक कोण ते पाहू. युरोपातील तुर्क म्हटले की एकच एक समाज डोळ्यांपुढे आणणे चूक होईल. त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बाल्कन प्रदेशातल्या जुन्या रहिवाशांचा. उस्मानी साम्राज्य तेथे सुमारे पाच शतके नांदले. त्या काळात तुर्क शेतकरी, कारागीर आणि तंबाखू पिकवणारे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पुढे साम्राज्य मागे हटले. १८७८ साली बल्गेरिया स्वायत्त झाला, १९१२–१३ च्या बाल्कन युद्धांनी उरलासुरला मुलूखही बहुतांशी गेला. राजे गेले, सैन्य गेले. शेतकरी मात्र पुष्कळसे तेथेच राहिले. या लोकांनी सीमा ओलांडली नाही. सीमाच त्यांना ओलांडून गेली. दुसरा वर्ग अगदी निराळा. तो १९६१ नंतर पोटासाठी अनातोलियातून जर्मनीत, आणि पुढे हॉलंड, बेल्जियम, ऑस्ट्रिया, फ्रान्स या देशांत गेला. पहिला वर्ग आपल्याच घरात परका ठरला, दुसरा परक्या घरी राहून राहून घरचा झाला. या दोन्ही वर्गांशी राज्यसंस्था कशी वागली, हे तीन देशांच्या उदाहरणांनी पाहणे उपयुक्त होईल.

पहिले उदाहरण बल्गेरियाचे. त्या देशाच्या ईशान्येस देलिओर्मान आणि दक्षिणेस कर्जालीच्या आसपासचा ऱ्होडोपी डोंगरांचा प्रदेश, ही तेथील तुर्कांची मुख्य वस्तीस्थाने. १९५०–५१ मध्ये यांपैकी सुमारे दीड लाख लोक तुर्कस्तानात गेले. उरलेल्यांच्या शाळांतून तुर्की भाषा हळूहळू काढून घेण्यात आली. शेवटी १९८४ च्या डिसेंबरात तेथील साम्यवादी सरकारने एक असे पाऊल उचलले, की त्याला इतिहासात जोड सापडणे कठीण. सरकारने ठरवले, आपल्या देशात तुर्क नाहीतच. जे स्वतःला तुर्क म्हणवतात ते मूळचे बल्गेरियनच. उस्मानी काळात त्यांना सक्तीने मुसलमान करण्यात आले, म्हणून त्यांना आता त्यांच्या मूळ रूपात परत आणावयाचे. या मोहिमेस 'पुनरुज्जीवन' असे गोंडस नाव देण्यात आले.

हे पुनरुज्जीवन कसे चालले? हिवाळ्याच्या कडाक्यात लष्कर आणि पोलीस गावाला वेढा देत. रहिवाशांपुढे बल्गेरियन नावांची यादी ठेवली जाई. त्यातून एक नाव निवडायचे, अर्जावर सही करायची आणि जुने ओळखपत्र देऊन नवे घ्यायचे. ज्याने निवडले नाही त्याला कारकून निवडून देई. १९८४–८५ च्या त्या एका हिवाळ्यात सुमारे आठ लाख माणसांची नावे बदलली गेली. एवढ्यावर भागले नाही. रस्त्यात तुर्की बोलल्यास दंड झाला, सुंता करणाऱ्यांना शिक्षा झाल्या, थडग्यांवरचे तुर्की लेख पुसले गेले. मृतांची नावेसुद्धा नोंदवह्यांतून बदलण्यात आली. म्हणजे जिवंत माणसाला आपला तुर्क बाप पुराव्याने दाखवता येऊ नये! विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, शेकडो लोक तुरुंगात आणि छावण्यांत गेले.

या मोहिमेचा फोलपणा एका माणसाच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. नाइम सुलेमानोव्ह हा उंचीने पाच फुटांहूनही कमी असलेला बल्गेरियन तुर्क भारोत्तोलक. त्याचे नाव बदलून नाउम शालामानोव करण्यात आले. १९८६ च्या डिसेंबरात स्पर्धेसाठी मेलबर्नला गेला असता तो पथकातून निसटला आणि तुर्कस्तानात आश्रयास आला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याला तुर्कस्तानतर्फे उतरता यावे म्हणून तुर्की सरकारने बल्गेरियाला मोठी रक्कम मोजली. त्याने तेथे सुवर्णपदक मिळवले. १९९२ आणि १९९६ मध्येही मिळवले. या वेळी फलकावर त्याचे नाव होते नाइम सुलेमानोलू. ज्या नावासाठी राज्याने त्याला छळले, ते नाव साऱ्या जगाने तीन वेळा टाळ्यांच्या गजरात ऐकले.

१९८९ च्या मे महिन्यात तुर्क वस्त्यांतून उपोषणे आणि मोर्चे सुरू झाले. २९ मे रोजी राष्ट्रप्रमुख तोदोर झिव्हकोव यांनी दूरचित्रवाणीवरून, तुर्कस्तानने आपली सीमा उघडावी, असे आव्हान दिले. सीमा उघडली, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात ती पुन्हा बंद होईपर्यंत सुमारे साडेतीन लाख माणसे गाठोडी बांधून निघून गेली. त्यांना प्रवासी पारपत्रे देण्यात आली असल्याने बल्गेरियात या निर्वासनाला उपहासाने 'मोठी सहल' असे म्हणतात. शेतात तंबाखू आणि धान्य उभे राहिले, कापणीला माणसे मिळेनात; विद्यार्थी आणि सैनिक पाठवावे लागले. १० नोव्हेंबर १९८९ रोजी झिव्हकोव यांची सत्ता गेली आणि महिना-दीड महिन्यातच नावे परत देण्याचा निर्णय झाला. मार्च १९९० मध्ये त्याचा कायदा झाला. गेलेल्यांपैकी सुमारे दीड लाख लोक परतही आले.

आता येथे आमच्या मते फार महत्त्वाची गोष्ट घडली. नावे परत मिळताच या समाजाने फुटून निघण्याची मागणी केली नाही. त्याने निवडणूक लढवली. १९९० पासून तुर्क मतदारांच्या आधारावर उभा असलेला पक्ष बल्गेरियाच्या संसदेत बसू लागला आणि २००१ मध्ये सरकारातही सामील झाला. शेजारी युगोस्लाव्हिया रक्तबंबाळ होत असताना बल्गेरिया शांत राहिला. २०१२ च्या जानेवारीत तेथील संसदेने सक्तीच्या नामांतराचा निषेध करणारा ठराव केला आणि १९८९ च्या निर्वासनास वांशिक उच्चाटन म्हटले. अर्थात सर्व मिटले असे नव्हे. निवडणुकीचा प्रचार बल्गेरियन भाषेतच झाला पाहिजे या नियमाखाली तुर्की बोलणाऱ्या पुढाऱ्याला दंड झाला, आणि तो भाषणस्वातंत्र्याचा भंग असल्याचा निर्णय स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाला २०२३ मध्ये द्यावा लागला. २०२१ च्या शिरगणतीत पाच लाख आठ हजारांहून अधिक लोकांनी आपण तुर्क असल्याचे सांगितले. जे लोक 'नाहीतच' असे राज्याने ठरवले होते, ते हे लोक.

दुसरे उदाहरण ग्रीसचे. १९२३ साली लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणि सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. यातून दोन समाज वगळले : इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसमधील मुसलमान. कोमोतिनी आणि क्सांथी या गावांच्या परिसरात हे मुसलमान आजही राहतात. त्यांची संख्या लाखाच्या आसपास सांगितली जाते. करारात त्यांना 'मुसलमान अल्पसंख्य' म्हटले आहे. ते मात्र बहुतेक स्वतःला तुर्क म्हणवतात. या एका शब्दावरून केवढे रण माजले! १९५० नंतरच्या काही वर्षांत अथेन्सचे सरकार स्वतःच त्यांना तुर्क म्हणत होते, कारण त्या वेळी तुर्कस्तानाशी मैत्री होती आणि बल्गेरियाची भीती होती. पुढे सायप्रसचा झगडा पेटला, आणि तोच शब्द गुन्हा ठरला. क्सांथीची तुर्क संघटना १९२७ पासून चालू होती. नावात 'तुर्क' शब्द असल्याच्या कारणावरून न्यायालयांनी ती विसर्जित केली. स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने २००८ मध्ये हा संघस्वातंत्र्याचा भंग ठरवला, तरी तिची नोंदणी पूर्ववत होऊ शकली नाही. सादिक अहमेत हे डॉक्टर आणि लोकप्रतिनिधी. निवडणूकपत्रकात 'तुर्क' शब्द वापरल्याबद्दल त्यांना १९९० मध्ये तुरुंगवास घडला.

याहून वाईट गोष्ट नागरिकत्वाची. १९५५ च्या ग्रीक कायद्यातील एकोणिसावे कलम असे होते की, जो ग्रीक वंशाचा नाही तो परत न येण्याच्या इराद्याने देश सोडून गेला तर त्याचे नागरिकत्व काढून घेता येईल. इराद्याचा निवाडा करायचा कारकुनाने! १९९८ मध्ये हे कलम रद्द होईपर्यंत सुमारे साठ हजार लोकांचे नागरिकत्व गेले. कोणी शिकायला गेला होता, कोणी मजुरीला. बल्गेरियाने 'तुम्ही आमचेच आहात, म्हणून तुमचे नाव टाका' असे म्हटले. ग्रीसने 'तुम्ही निराळे आहात, पण ते नाव उच्चारू नका' असे म्हटले.

येथे निःपक्षपातीपणाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. इस्तंबूलच्या ग्रीकांशी तुर्कस्तानही असेच वागले. १९५५ च्या सप्टेंबरातील दंगलीत त्यांची घरेदारे आणि दुकाने लुटली गेली, १९६४ मध्ये हजारोंना देशाबाहेर घालवले, आणि एके काळी लाखभर असलेला तो समाज आता काही हजारांवर आला आहे. ज्या तुर्कस्तानने बल्गेरियातील नामांतराविरुद्ध योग्य तो आवाज उठवला, त्यानेच आपल्या कुर्द प्रजेच्या गावांची नावे बदलली होती. सारांश, हा दोष कोणा एका राष्ट्राच्या रक्तात नाही. शेजारच्या देशातील आपल्या लोकांचा छळ झाला की आपल्या हातात सापडलेल्या त्यांच्या लोकांचा छळ करायचा, असा हा हिशेब. आणि त्यात दोन्हीकडे भरडला जातो तो निरपराध शेजारी.

आता तिसरे आणि संख्येने सर्वांत मोठे उदाहरण जर्मनीचे. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाधड चालू झाले, हात अपुरे पडू लागले. इटलीशी १९५५ मध्ये, स्पेन आणि ग्रीसशी १९६० मध्ये मजूर मिळवण्याचे करार झाले. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारी माणसे थांबली, आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानाशी करार झाला. इस्तंबूलमध्ये जर्मन कचेरी उघडली. तेथे डॉक्टर उमेदवारांचे दात आणि छाती तपासत, आणि निवडलेली माणसे आगगाडीने म्युनिकला रवाना होत. त्यांना जर्मन भाषेत नाव मिळाले 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. ही जोडी जरा विचित्रच आहे, कारण पाहुण्याला आपण कामाला लावत नाही आणि कामकऱ्याला पाहुणा म्हणत नाही. पण त्या नावात राज्याचा हेतू लपलेला होता : हे लोक दोन वर्षे राबतील आणि परत जातील.

ते का गेले नाहीत? येथे कोणाचे कारस्थान नव्हते, साधे अर्थशास्त्र होते. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत पाठवून नवा अडाणी माणूस घेणे कारखानदाराला परवडेना. म्हणून १९६४ मध्ये दोन वर्षांची अट गेली. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाच्या संकटानंतर सरकारने नवी भरती बंद केली, आणि त्याचा परिणाम अपेक्षेच्या अगदी उलट झाला. आता एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कामगाराने ओळखले. तो गेला नाही. त्याने बायकामुलांना बोलावून घेतले. दार बंद केल्याने पाहुणा कायमचा घरात राहिला. १९८३ मध्ये परत जाणाऱ्यास साडेदहा हजार मार्क आणि प्रत्येक मुलामागे दीड हजार देण्याचा कायदा झाला. काही गेले, बहुतेक राहिले. मुले तेथेच जन्मली, तेथल्या शाळेत गेली, स्वप्नेही जर्मन भाषेत पाहू लागली. परंतु १९१३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व रक्ताने मिळत होते, भूमीने नव्हे. कोलोनमध्ये जन्मलेले मूल कागदोपत्री परदेशीच.

या काळात या समाजाची नावे किती बदलली ते पाहा. आधी 'पाहुणा कामगार', मग 'परदेशी', मग 'परदेशी सहनागरिक', आणि २००५ नंतरच्या सरकारी आकडेवारीत 'स्थलांतराची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती'. सुट्टीत मूळ गावी जावे, तर तेथले लोक त्याला 'अल्मान्जी', म्हणजे जर्मनीवाला, म्हणून चिडवणार. दोन्हीकडे नाव ठेवणारे कोणी नव्हते, नावे ठेवणारे मात्र सगळे होते. आणि शब्द नुसते शब्द राहत नाहीत. २००० ते २००७ या काळात एका नवनाझी टोळीने दहा माणसे मारली. त्यांतले आठ तुर्की वंशाचे होते, बहुतेक लहान दुकानदार. पोलिसांनी वर्षानुवर्षे संशय घेतला तो मृतांच्या नातलगांवर आणि त्यांच्याच समाजातील गुन्हेगारीवर. वृत्तपत्रांनी या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचे नाव दिले. २०११ मध्ये सत्य उघडकीस आले, तेव्हा तेच नाव त्या वर्षाचा सर्वांत निंद्य शब्द म्हणून जाहीर करण्यात आले. पण दहा वर्षे ज्या विधवांनी आणि मुलांनी लोकांच्या नजरा सोसल्या, त्यांची भरपाई शब्दकोश कशी करणार?

राज्याची भूमिका बदलली ती सावकाश. १ जानेवारी २००० पासून जर्मनीत आठ वर्षे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी आईबापांच्या तेथेच जन्मलेल्या मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळू लागले; पण तेवीस वर्षांचा होईपर्यंत दोहोंपैकी एक नागरिकत्व निवडण्याची अट होती. ती २०१४ मध्ये जवळजवळ उठली. नव्या रहिवाशांना जर्मन शिकवण्याची देशव्यापी व्यवस्था कायद्याने बसली ती २००५ साली, म्हणजे करारानंतर चव्वेचाळीस वर्षांनी! आणि २७ जून २०२४ पासून जर्मन होण्यासाठी तुर्की नागरिकत्व सोडण्याची अट राहिली नाही. पहिल्या पिढीतील म्हाताऱ्या कामगारांना तर लेखी परीक्षेचीही माफी मिळाली. ही माफी म्हणजे एक प्रकारची उशिरा दिलेली कबुलीच आहे : तुम्हाला भाषा शिकवायला आम्हीच विसरलो होतो.

आता कोणी विचारील, सगळा दोष राज्याचाच काय? समाजाकडे काहीच कर्तव्य नाही? हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील पुष्कळ मशिदींत इमाम तुर्की सरकारच्या पगारावर येत राहिले; तुर्कस्तानातील पुढारी तेथे सभा घेऊन मते मागत राहिले. घरातील मुलीच्या शिक्षणाविषयी आणि विवाहाविषयी समाजाने जे करायला हवे होते, ते सर्वत्र झाले नाही. शिवाय ज्यांना आपण सरसकट 'तुर्क' म्हणतो, त्यांत कुर्द आहेत आणि अलेवी पंथाचे लोक आहेत. थ्रेसमध्ये पोमाक आणि रोमा आहेत. त्यांतल्या कित्येकांना 'तुर्क' हे नावही बाहेरून लादलेलेच वाटते. राज्याला नाव लादण्याचा हक्क नाही, तसा तो समाजाच्या पुढाऱ्यांनाही नाही. युरोप परिषदेने १९९५ मध्ये अल्पसंख्यांविषयी जो करार केला, त्याचे तिसरे कलम नेमके हेच सांगते : आपण एखाद्या अल्पसंख्य समाजाचे आहोत की नाही, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याला आहे आणि त्या निवडीमुळे त्याचे काही नुकसान होता कामा नये.

आम्हांस वाटते, एकरूपता आणि एकात्मता या दोहोंत आपण नेहमी गल्लत करतो. एकरूपता बाहेरून लादता येते. त्यासाठी यादी, सही आणि शिक्का पुरतो. एकात्मता आतून यावी लागते, आणि ती हक्कांच्या मागून येते, पुढून नाही. 'आधी पुरते आमच्यासारखे व्हा, मग हक्क देऊ' असे ज्यांनी म्हटले, त्यांच्या पदरी दुरावा पडला. ज्यांनी मत दिले, शाळा दिली, नाव परत दिले, त्यांना माणसे मिळाली. कोलोनच्या मोटार कारखान्यातील एका तुर्क कामगाराचा मुलगा उगुर शाहीन आणि त्यांच्या पत्नी ओझलेम तुरेजी यांच्या माइन्झ येथील प्रयोगशाळेतून २०२० साली करोनाची लस निघाली. १९६५ मध्ये बर्लिनच्या कारखान्यात कामगार म्हणून आलेल्या एमिने सेवगी ओझदामार यांना २०२२ मध्ये ब्युखनर पुरस्कार, म्हणजे जर्मन साहित्याचा सर्वोच्च मान, मिळाला. परंतु अशा थोरांच्या याद्यांनीच समाजाची परीक्षा करू नये. फुटबॉलपटू मेसुत ओझिल यांनी २०१८ मध्ये जर्मन संघ सोडताना केलेली तक्रार हीच होती, की जिंकलो तर मी जर्मन, हरलो तर परका. सामान्य माणसाला काहीही न जिंकता आपले म्हणवून घेता आले पाहिजे.

शेवटी अशाच एका सामान्य बाईंची गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेतो. मेवल्युदे गेंच या झोलिंगेन गावात राहत. २९ मे १९९३ च्या पहाटे चार तरुणांनी त्यांच्या घराला आग लावली. दोन मुली, दोन नाती आणि एक भाची, अशा पाच जणी जळून गेल्या. बाईंनी सूडाची भाषा केली नाही; लोकांनी सलोख्याने राहावे असेच त्या सांगत राहिल्या. गाव सोडले नाही. पुढे त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतले आणि १९९६ मध्ये त्या राष्ट्राने त्यांचा सन्मान केला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, मजूर-कराराला बरोबर एकसष्ट वर्षे झाली त्या दिवशी, त्या वारल्या. त्यांचे दफन अनातोलियातील त्यांच्या मूळ गावी, आपल्या लेकीनातींजवळ झाले. जगणे झोलिंगेनमध्ये, माती अनातोलियाची. त्यांना कोणी जर्मन म्हणावे की तुर्क? आमचे उत्तर एवढेच, की हा प्रश्न त्यांना विचारायचा होता, त्यांच्याविषयी नव्हे.